नावडती काय म्हणाली

बाई राजकन्यांची वयं मोजायच्या. घरातली मोठी बाई कशी मध्येच म्हणते, धाकटीला आता चाळिसावं लागलं असेल नाही, अगदी तसं. "झोपाळूला श्रावणात अठ्ठावन्न पुरी झाली," म्हणायच्या. "आणि ती बूट विसरलेली, तिला एकसष्टावं. गुडघे गेलेत बिचारीचे."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, नात्यातल्या बायकांबद्दल चाललंय. मी सहानुभूतीने विचारलंसुद्धा, "डॉक्टरला दाखवलं का?" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "राजवैद्य आहे तिच्याकडे. पण तो कामाचा नाही, तो मीच काढलाय."

बाई चित्रकथा काढायच्या. एका मुलांच्या मासिकात पस्तीस वर्षं त्यांनी राजकन्या काढल्या आणि एकाही पानावर त्यांचं नाव आलं नाही. संपादकांची अट ठरलेली: राजकन्या सोळा वर्षांची, रंग गोरा, कंबर मुठीत मावेल एवढी, शेवटच्या चौकटीत लग्न. "मी जेवढी लग्नं लावली तेवढी ठाकुर्लीतल्या कुठल्या भटजीने लावली नसतील," त्या म्हणायच्या. पुढे मासिक बंद पडलं. बाई घरी बसल्या आणि त्यांच्या डोक्यात आलं, की आपण लग्नं लावून दिली ती दिली, पुढे या पोरींचं काय झालं ते बघायला कोणी गेलंय का? मग त्यांनी त्याच मुली पुन्हा काढायला घेतल्या, आजच्या वयाच्या.

शंभर वर्षं झोपलेली आता रात्रभर टक्क जागी असते आणि तिचा नवरा शेजारी घोरत असतो. लांब केसांची मनोऱ्यात बसलीये, औषधांनी केस गेलेत, आणि खाली घोड्यावर म्हातारा राजपुत्र विचारतोय, "मग आता मी वर कसा येऊ?" बूट विसरलेलीकडे दरबारातली माणसं तो जुना बूट घेऊन येतात, संग्रहालयात ठेवायच्या आधी एकदा घालून दाखवा म्हणतात, आणि तिचं पाऊल पसरून पसरून एवढं झालंय की अंगठासुद्धा आत जात नाही. तिने ते पाऊल पुढे केलंय आणि ती हसतेय. ते हसू बघून मला पहिल्यांदा भीती वाटलेली.

बाई चित्र पायापासून सुरू करायच्या. चेहरा सगळ्यात शेवटी. "चेहरा खोटं बोलायला शिकतो गं. टाचेला ते जमत नाही." ठाकुर्लीच्या भाजीबाजारात जायच्या तेव्हा त्यांची नजर कायम जमिनीवर. एकदा एक बाई चिडली. "काय बघता ओ एवढं?" बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमची डावी टाच. जरा थांबता का?" आणि पिशवीतून वही काढली. ती बाई अर्धा किलो वांगी हातात घेऊन थांबली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माणसं बाईंचं ऐकायची. का ते मला सांगता येणार नाही.

आता माझं सांगते. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.ए., सेकंड क्लास. हे मी लाजून सांगणार नाही आणि कोणाला पटो न पटो, सर्टिफिकेट आमच्या कळव्याच्या खोलीत देवांच्या शेजारी टांगलेलं आहे, आईनेच टांगलं. आमची खोली डोंगराच्या उतारावर, खालच्या रस्त्यापासून सत्तर-ऐंशी पायऱ्या चढून. आई चार घरी पोळ्या लाटायची. त्या पोळ्यांवर मी शिकले. कोणी विचारलं तर मी सांगायचे, वडील गुजरातला कंपनीत आहेत.

कल्याणच्या एका छापखान्यात मला नोकरी लागली. लग्नपत्रिका, शाळांच्या डायऱ्या, वास्तुशांतीची आमंत्रणं. काउंटरवर मी स्वतःच्या हाताने एक पाटी लिहून लावलेली: 'मजकूर नीट तपासून घ्या. नंतर तक्रार चालणार नाही.' बाई पुस्तकाच्या छपाईची चौकशी करायला आल्या आणि शेठशी बोलायचं सोडून त्या पाटीपुढे उभ्या राहिल्या.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"कुठे शिकलीस?"

"मी ग्रॅज्युएट आहे," मी ताठ मानेने सांगितलं.

"मी अक्षराचं विचारत होते," बाई म्हणाल्या. "पण असू दे. ग्रॅज्युएट तर ग्रॅज्युएट. रविवारी ठाकुर्लीला ये."

तेव्हापासून माझं नाव ग्रॅज्युएट. "ग्रॅज्युएट, चहा टाक." "अगं ग्रॅज्युएट, शाई सांडशील." दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

अक्षरासाठी माणूस शोधायचं कारण म्हणजे बाईंचा हात. कंपवात. सकाळी गोळी घेतली की पाऊण तासाने हात स्थिर व्हायचा आणि मग साधारण तासभर तसाच राहायचा. त्या तासाला बाई कोणाच्या बापाला दार उघडत नसत. दूधवाला बाहेर उभा, बेल वाजतेय, आणि आत बाई राणीच्या पोटरीची शीर काढतायत. तास संपला की ब्रश खाली. एक रेघ जास्त नाही. "आता जी येईल ती माझी रेघ नाही, रोगाची," म्हणायच्या. मी जायला लागले तेव्हा तास होता. वर्षभरात त्याची चाळीस मिनिटं झाली. नंतर बाईंनी घड्याळ भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं.

रेघा काढण्यातच तो वेळ जायचा. त्यामुळे माणसांच्या तोंडाशी जे बोलण्याचे फुगे असतात, त्यांतली अक्षरं घालायचं काम माझं. फक्त अक्षरं. शब्द माझे नाहीत आणि बाईंचेही नाहीत. ही त्यांची सगळ्यात विचित्र रीत होती. त्या पान पुरं करायच्या, फुगे कोरे ठेवायच्या, आणि पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून बायकांना विचारायला निघायच्या. दवाखान्याच्या रांगेत, बँकेत, पापडाच्या कारखान्यापाशी. "ही बघा, हिला झोप येत नाही. नवरा घोरतोय. ही काय म्हणत असेल?" बायका आधी हसायच्या. मग बघत राहायच्या. मग बोलायच्या. मी टिपून घ्यायचे.

झोपाळूचं वाक्य एका सरकारी दवाखान्यातल्या आयाने दिलं: "झोपेचं काय, मेल्यावर मिळंल की भरपूर." केस गेलेलीचं ठाकुर्लीच्या भाजीवालीने: "गेले तं गेले. डोक्याला वारा तरी लागतंय." जसं म्हटलं तसं लिहायचं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. कोणी शिवी दिली तर शिवी.

मला ते खुपायचं. एवढी शिकले आणि दुसऱ्यांचं बोलणं उतरवत बसते. एकदा धीर करून म्हणाले, "बाई, इथे मी एक सुचवू?"

"तू राणी आहेस?"

"नाही."

"साठीची आहेस?"

"नाही."

"मग गप लिही." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "अगं, पस्तीस वर्षं या पोरींच्या तोंडात आम्हीच बोललो. 'हाय रे दैवा' आणि 'जशी आज्ञा महाराज'. त्यांना एकदा तरी कुणी विचारायला नको?"

पुस्तकातली शेवटची गोष्ट नावडतीची. आपल्या कहाण्यांत ती असतेच. राजाला दोन राण्या, आवडती महालात, नावडती गावाबाहेर गोठ्यात, शिळंपाकं खाऊन. शेवटी देव पावतो, राजाला पश्चात्ताप होतो, तो तिला वाजतगाजत घरी आणतो आणि नावडती आवडती होते. बाईंच्या गोष्टीत देव पावायला फार वर्षं लागली होती. राजा म्हातारा, अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं, पलंगावर. आवडती महाल सोडून गेलेली. नावडतीला गोठ्यातून बोलावून आणलंय. शेवटच्या पानावर एकच मोठी चौकट. राजा वाकड्या तोंडाने म्हणतोय, 'आजपासून तू माझी आवडती.' पलंगाशी ती उभी. तिच्या तोंडाशी कोरा फुगा.

तो फुगा सहा महिने कोराच राहिला. बँकेतल्या कॅशियरबाईंनी पान बघितलं आणि डोळे पुसत आत गेल्या. भाजीवाली म्हणाली, "ह्याला घरात घेतलाच कशाला?" बाई म्हणाल्या, हे तुझं झालं, ती काय म्हणेल? ती म्हणाली, "मना नाय माहीत बाय," आणि गिऱ्हाइकाकडे वळली. पापडवाल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. बाई पान पिशवीत घालून परत आणायच्या. तोवर हाताची वेळ अर्ध्या तासावर आलेली. "नावडती झाली की एकच राहील," म्हणायच्या. "आवडती. ती का सोडून गेली, तिचंही काहीतरी असेलच की. तेवढं हाताने काढू दिलं म्हणजे झालं."

संक्रांतीला माझी आई तिळगूळ घेऊन ठाकुर्लीला आली. मी येऊ नको म्हणत होते. तिला बघायचं होतं, पोरगी दर रविवारी जाते कुठे. आली ती जमिनीवरच बसली. बाईंनी हाताला धरून खुर्चीवर बसवलं. बाईंची नजर आईच्या टाचांवर गेलेली मला दिसली. टेबलावर ते पान होतं.

"ह्यो कोन?" आईने विचारलं.

"राजा," बाई म्हणाल्या. "आणि ही नावडती. हिला आयुष्यभर बाहेर ठेवलं त्याने. आता म्हणतोय, आजपासून तू माझी आवडती. ही त्याला काय म्हणेल हो?"

आईने पान जवळ ओढलं. चहा निवून साय धरली तरी ती बघतच होती. मग त्या चित्रातल्या माणसाशीच बोलल्यासारखं, हळू, रोजच्या आवाजात म्हणाली,

"आधी कुशीवर व्हा. चादर भिजलीया."

बाईंनी डोळे मिटले. मग मला म्हणाल्या, "लिही."

मी म्हणाले, "आधी पेन्सिलीने जागा मोजून घेते. नंतर लिहिते."

आईला ते वाक्य सुचलेलं नव्हतं. तिला ते आठवलेलं होतं. आमच्या घरी तेव्हा पलंगावर माझे वडील होते. मी पाचवीत असताना ते विठ्ठलवाडीला दुसऱ्या बाईकडे राहायला गेले. गुजरात वगैरे काही नव्हतं. अकरा वर्षांनी एक रिक्षा आमच्या पायऱ्यांच्या तळाशी थांबली आणि त्या बाईच्या भावाने त्यांना उतरवून ठेवलं, अर्धं अंग लुळं. आईने शेजारची प्लास्टिकची खुर्ची मागून आणली, दोन माणसं बोलावली आणि सगळ्या पायऱ्या चढवून वर घेतलं. कोणाला एक शब्द बोलली नाही. पुढे एके दुपारी वडील तोंडातून लाळ गळत असताना तिला म्हणाले, "तूच माझी खरी." मी दारात चप्पल काढत होते. आईने दिलेलं उत्तर मी ऐकलं होतं. हेच.

फेब्रुवारीत बाईंना औषधं बदलायला आठवडाभर दवाखान्यात ठेवलं. छापखान्याची तारीख ठरलेली. त्यांनी शेवटचं पान मला घरी न्यायला दिलं. "वाक्य घाल आणि परस्पर छापायला दे. मी बघायची गरज नाही," म्हणाल्या. मासिक बंद पडल्यापासून त्यांनी दुसऱ्याच्या भरवशावर सोडलेलं ते पहिलं पान असेल.

तोवर आईने चारही घरी सांगून टाकलेलं. "माझं एक बोलनं पुस्तकात येनार हाय." त्या घरांतल्या बायका पुस्तक मागणार. छापखान्यात शेठ वाचणार, बरोबरची मुलं वाचणार. वाक्य कोणाचं ते सगळ्यांना कळणार आणि मग चादर कोणाच्या घरची तेही कळणार. मी पेन घेऊन बसले. शेजारी पलंगावर वडील, खोलीत तो वास, जो मी बाहेर पडताना कपड्यांवर पावडर मारून घालवायचे. मी लिहिलं: 'महाराज, आता मला कोणाची आवडती व्हायचं नाही. मी माझी स्वतःची आहे.'

मला ते आवडलं. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, लोक या वाक्याला टाळ्या वाजवतील. बाईंच्या पुस्तकाचं भलंच होईल. अक्षरही त्या दिवशी फार सुरेख आलेलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा एक प्रत मी घरी आणली. आईने हात धुतले, पदराला पुसले, आणि शेवटून पान उघडलं. तिची शाळा चौथीपर्यंत. बोट एकेका अक्षराखाली सरकवत तिने फुगा वाचला. पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला.

"चांगलं हाय," म्हणाली. "कुनाचं हाय ह्ये?"

"पुस्तकात थोडं बदलून घ्यावं लागतं, आई."

"व्हय. तुमास्नी म्हाईत." तिने पुस्तक मिटून फळीवर ठेवलं आणि कामाला गेली. कुठल्याच घरी ते नेलं नाही.

त्या रविवारी मी ठाकुर्लीला गेले. बाई दवाखान्यातून येऊन दोन दिवस झालेले. टेबलावर पुस्तक, मिटलेलं.

"या," बाई म्हणाल्या. "बसा."

मी मागे वळून बघितलं, माझ्यामागून कोण आलंय. कोणीच नव्हतं.

"चहा घेणार का तुम्ही?"

"बाई, माझं जरा ऐका..."

"एकच सांगा. आईंची लाज वाटली की वडिलांची?"

मी म्हणाले, तुम्हाला वडिलांचं कोणी सांगितलं? बाई म्हणाल्या, "चादर कुणाची ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मी कधी विचारलं तुम्हाला?"

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी म्हणाले, "तुम्हाला सोपं आहे. तुम्ही इथे एकट्या राहता. आम्हाला चार माणसांत राहावं लागतं. आणि माझं वाक्य काही वाईट नव्हतं."

"अजिबात वाईट नव्हतं," बाई म्हणाल्या. "आमचे संपादकही चांगलंच लिहायचे. तेही ग्रॅज्युएट होते."

त्यानंतर बाईंनी मला कधी ग्रॅज्युएट म्हटलं नाही. तू म्हटलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी उलट बोलून मोकळी झाले असते. हे 'अहो जाहो' घेऊन कुठे जायचं?

पुढच्या रविवारी मी न बोलावता गेले. दार उघडं होतं. बाईंचा तो अर्धा तास चालू होता आणि त्या कात्रीने पांढऱ्या कागदाचे लंबगोल कापत होत्या. फुग्याच्या मापाचे. एकेक प्रत उघडायची, खळ लावायची, माझ्या वाक्यावर कागद बसवायचा. तीनशे प्रती. मी म्हणाले, द्या, मी करते. म्हणाल्या, "नको. तुम्ही दमाल." मी भिंतीला टेकून उभी राहिले. हात थरथरायला लागला तशी त्यांनी कात्री खाली ठेवली आणि रिकाम्या टेबलाकडे बघत बसल्या. टेबलाच्या कडेला आवडतीसाठी ताणून ठेवलेला जाड कागद होता. तो कोरा.

असं रोज. बाईंच्या हातात जे काही उरलं होतं ते माझ्या एका वाक्यावर कागद चिकटवण्यात गेलं. आवडतीचं एक बोटसुद्धा काढून झालं नाही. हे मी कोणाला समजावून सांगत नाही. नुसतं लिहून ठेवते.

मग त्या आमच्याकडे आल्या. कळव्याला, रिक्षाने, पायऱ्या चढून. खालून शेजारच्या पोराने येऊन सांगितलं तेव्हा त्या निम्म्या चढून आल्या होत्या, कठडा धरून, दर चार पायऱ्यांवर थांबत. आई धावत गेली आणि तिने त्यांना काखेत हात घालून वर आणलं. बाईंनी खोलीत येऊन आधी पलंगावरच्या वडिलांना नमस्कार केला, घरातल्या कर्त्या माणसाला करतात तसा. मग पिशवीतून एक प्रत काढून आईपुढे ठेवली.

"तुमचं वाक्य तुम्हीच लिहा."

"अवो बाई, माझं अक्षर म्हंजी कोंबडीचं पाय."

"मग मला कोंबडीचेच पाय हवेत."

"पोरीला सांगा की. तिचं कसं मोत्यावानी येतंया."

बाईंनी पेन आईपुढेच धरलं. मी स्टोव्हवर चहाचं आधण बघत होते. पाणी उकळून निम्मं झालं.

आईने पेन घेतलं. पाटावर पुस्तक ठेवून, जीभ दातांत धरून लिहायला लागली. पलंगावरून वडिलांनी विचारलं, "का... काय लिवतीस?" त्यांचं बोलणं आम्हा दोघींनाच कळायचं.

"तुमचंच," आई म्हणाली. आणि लिहून झाल्यावर तिने ते त्यांना वाचून दाखवलं. दोन्ही वाक्यं, राजाचं आणि तिचं.

वडिलांनी तोंड भिंतीकडे केलं. बाई खाली बघत होत्या. आईने चादरीखाली हात घालून बघितला आणि म्हणाली, "आत्ता कोरडी हाय." मग पेनाचं टोपण लावलं.

पुढचे काही महिने बाई प्रती पाठवत राहिल्या, दहा-दहा, वीस-वीस. ने-आण माझ्याकडे. आई दुपारी दोन घरांच्या मधल्या वेळात लिहायला बसायची. कधी पीठ लागलेलं असायचं बोटाला, ते पानावर उमटायचं. कधी ओळ तिरकी चढून फुग्याबाहेर जायची. लिहिलेल्या प्रती खपल्या. चारही घरांनी घेतल्या. एका घरच्या म्हाताऱ्या आजींनी आईला हाक मारून जवळ बसवलं आणि पुष्कळ वेळ तिचा हात सोडला नाही, असं आई सांगत होती. शेठनेही वाचलं. मला काही म्हणाले नाहीत. मी ज्याला एवढी घाबरले होते ते एवढंच होतं.

दिवाळीच्या आधी वडील गेले. तेरावं झालं, पाहुणे गेले, आई भिंतीला टेकून बसून राहायला लागली. तिचं मन रमावं म्हणून मी उरलेला गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला. साठेक प्रती असतील. पेनही ठेवलं.

तिने गठ्ठा बाजूला सारला. "आता नगं."

"का गं? थोड्याच तर राहिल्यात."

"कुनाला म्हनू? मानूस पलंगावर हाय तवर म्हनायचं बोलनं हाय ते. आता लिवलं तर खोटं व्हईल."

मी बाईंना सांगायला गेले. तोवर त्यांचं बोलणंही जड झालेलं, एकेक शब्द ओढून आणल्यासारखा. आईचं म्हणणं ऐकून त्या हसल्या. त्या रविवारनंतर माझ्यासमोर पहिल्यांदाच. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाल्या. "उरलेल्या कोऱ्याच जाऊ द्या." मला वाटलं, हसल्यात, आता तरी म्हणतील, ग्रॅज्युएट, चहा टाक. मी वाट बघत थोडा वेळ थांबले. त्या म्हणाल्या, "जाताना दार ओढून घ्या."

माघात बाई गेल्या. त्यांचा भाचा आला, त्याने घर रिकामं केलं आणि कोऱ्या फुग्यांचा गठ्ठा मला दिला. "हे तुमचंच काहीतरी आहे ना?" म्हणाला. मी हो म्हणाले.

परवा डोंबिवलीत एका शाळेच्या हॉलमध्ये बायकांनी केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. मसाले, पिशव्या, कागदाची फुलं. एका टेबलावर मी या प्रती मांडून बसले. एक बाई आली, साठी उलटलेली, इस्त्रीची कॉटनची साडी, खांद्याला पर्स. तिने सावकाश सगळं पुस्तक चाळलं. झोपाळूपाशी हसली. शेवटच्या पानावर थांबली.

"अगं, हे रिकामं आहे. छापायचं राहून गेलं का?"

"नाही," मी म्हणाले. "छापलं होतं. मी चुकीचं लिहिलं, म्हणून वर कागद लावलाय."

"मग बरोबर काय होतं?"

"ते माझ्या आईचं होतं. ती आता म्हणत नाही."

ती मला आणखी काहीतरी विचारेल असं वाटलं. तिने पर्समधून चष्मा काढला, लावला, आणि राजाचं वाक्य वाचलं. मग पलंग बघितला. मग उभी राहिलेली नावडती. मागे दोन बायका ताटकळल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "घ्यायचंय का ओ, नाहीतर सरका की." ती हलली नाही.

"पेन आहे?" तिने विचारलं.

मी दिलं. तिने डाव्या तळहाताचा आडोसा धरला आणि फुग्यात काहीतरी लिहिलं. फार नाही, दोन-तीन शब्द असतील. फुंकर मारून शाई वाळवली, पुस्तक मिटलं आणि पर्समध्ये ठेवलं. मी वाकून बघितलं नाही.